आज्ञेआधी माणूस

"देवाची भीती उरली नाही, म्हणून ही वेळ आली." आपल्या शहरात हे वाक्य कुठे ऐकू येत नाही? शाळेच्या परिपाठात ते येते, सप्ताहाच्या मांडवात येते, जुम्म्याच्या बयानात येते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणेही तेच सांगून जातात. कुणी म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढले, कुणी लाच घेताना सापडला, कुठे एखाद्या पोरीवर अत्याचार झाला, की हे निदान तयार असते. ज्यांनी या शहराच्या नावावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी वाद घातला, ते दोघेही या एका वाक्यापाशी येऊन मान डोलावतात. ज्या मतावर एवढे एकमत असते ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. म्हणूनच ते तपासले पाहिजे. माझ्या मते ते चूक आहे आणि माणसाचा अपमान करणारे आहे. देव मानणाऱ्यांनी तर ते इतरांच्या आधी टाकून द्यावे.

ते मत त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. चांगले काय आणि वाईट काय हे देवाच्या आज्ञेने ठरते. आज्ञा देणाराच नसेल तर उरते ती ज्याची त्याची आवड. एकाला दान आवडते, दुसऱ्याला लूट. दोघांत डावे-उजवे कुणी ठरवायचे? शिवाय माणूस मुळातच स्वार्थी. वर कुणीतरी पाहतो आहे ही धास्ती असते म्हणून तो हात आवरतो. ती धास्ती काढून घ्या आणि मग बघा. काही नास्तिक सज्जन असतात हे खरे, पण त्यांची सज्जनता उसनी. आजी-आजोबांच्या संस्कारांची शिदोरी ते अजून खात आहेत. ती संपली की तेही उघडे पडतील.

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पैठण आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि पैठणजवळ गोदाकाठी आपेगाव आहे. तिथले विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले. संन्याशाला संसार नाही, ही आज्ञा. ती मोडली म्हणून घर वाळीत पडले, मुलांच्या मुंजी होईनात. विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारले तेव्हा धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी ग्रंथ पाहून सांगितले, देहान्त. संतचरित्रे सांगतात की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी तो निवाडा मानला आणि पाण्यात देह सोडला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरकी मुले मग शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे जाऊन उभी राहिली.

ही गोष्ट ऐकताना महाराष्ट्रातला कोणता माणूस निवाडा देणाऱ्यांच्या बाजूला उभा राहतो? वारकरी नाही, शाळेतले पोर नाही, पैठणचा आजचा ब्राह्मणही नाही. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते, आणि ते चार मुलांसाठी कालवते. पण का? निवाडा देणारे दुष्ट होते असे म्हणून सुटता येत नाही. त्यांनी मनचे काहीच सांगितले नव्हते. त्यांनी पोथी उघडली, वचन शोधले, वाचून दाखवले. नीती म्हणजे आज्ञेचे पालन एवढाच अर्थ असेल, तर त्या दिवशी त्या सभेतली सर्वांत नीतिमान माणसे तीच होती, आणि सातशे वर्षे आपण त्यांच्यावर अन्याय करत आलो आहोत. हे कुणी म्हणायला तयार आहे का?

इथे उत्तर येते की ती खरी आज्ञा नव्हतीच, त्यांनी देवाचे मन ओळखले नाही. ठीक. पण ती खरी आज्ञा नव्हती हे तुम्हाला कशावरून कळले? पोथीवरून म्हणाल तर पोथीतले वचन त्यांच्याच हातात होते. परंपरेवरून म्हणाल तर परंपरा त्यांच्याच बाजूला बसलेली होती. तुम्हाला ते कळले याचे कारण एकच. आईबापांना मरायला लावून लेकरांना उघड्यावर टाकणे तुम्हाला क्रूर वाटले, आणि क्रूर गोष्ट देव सांगणार नाही अशी तुमची खात्री होती. म्हणजे क्रौर्य वाईट असते हे तुम्हाला आज्ञेच्या आधीच ठाऊक होते. आज्ञा खरी की खोटी हे तुम्ही त्या जाणिवेच्या कसाला लावून ठरवलेत. मग नीती आज्ञेतून निघाली कशी? ती तर आज्ञेचीच परीक्षा घेते आहे.

त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथ होऊन गेले. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर उचलून घरी पोचवले. श्राद्धाचा स्वयंपाक पितरांच्या आधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला. यातली एकही गोष्ट शास्त्राच्या आज्ञेने झालेली नाही. उलट शास्त्र सांगणारे संतापले. भाविक म्हणतील की देव नाथांच्याच बाजूने होता, तो श्रीखंड्या होऊन त्यांच्या घरी पाणी भरायला आला. जरूर आला असे माना. पण गोष्टीतला क्रम नीट पाहा. गाढवाला पाणी पाज असा हुकूम कुणी आधी सोडला नव्हता. नाथांनी तहान पाहिली आणि पाणी पाजले. देव प्रसन्न झाला तो कृती चांगली होती म्हणून. त्याच्या प्रसन्न होण्याने ती चांगली झाली नाही. आणि ज्या लोकांनी ही गोष्ट चारशे वर्षे सांभाळून सांगितली, त्यांनीही नाथ आणि त्यांच्यावर रागावणारे शास्त्री यांच्यातला निवाडा स्वतःच केला आहे.

हा पेच जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस तोच घालतो: पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? यावर धर्मपंडितांनी काढलेली सर्वांत चांगली वाट अशी, की देव मनाला येईल ते हुकूम सोडत नाही. दया हा त्याचा स्वभावच आहे आणि आज्ञा त्या स्वभावातून येतात. ही वाट मला मान्य आहे. पण ती कुठे जाऊन पोचते? दयेपाशी. दया चांगली म्हणून दयाळू देव चांगला, आणि म्हणून त्याची आज्ञा चांगली. मग ज्याने थेट दयेपाशी मुक्काम केला, त्याच्या नीतीत कमी काय पडले? आणि दया चांगली हे मान्य नसेल, देव सांगेल ते चांगले एवढेच खरे असेल, तर 'देव चांगला आहे' या वाक्यात सांगण्यासारखे काही उरत नाही. देव स्वतःच्या मनासारखे वागतो, इतकाच त्याचा अर्थ होतो. कोणत्या भक्ताला एवढ्या रिकाम्या वाक्याची आरती करायची आहे?

आज्ञा सोडून बोला म्हटले की समोरचा विचारतो, "मग मी दुसऱ्याची पर्वा का करावी?" हाच प्रश्न आज्ञेलाही विचारून पाहा. मी आज्ञा का पाळावी? शिक्षा होईल म्हणून, असे उत्तर असेल तर तो हिशेब झाला, आणि हिशेब चोरही करतो. आज्ञा देणारा चांगला आहे म्हणून, असे असेल तर चांगुलपणाची ओळख तुम्हाला आधीच झालेली आहे. त्याने मला निर्माण केले म्हणून, असे असेल तर उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ राहावे हे तत्त्व कुठून आले? कोणत्याही बाजूने गेलात तरी आज्ञेच्या खाली नीतीची जमीन लागते. आज्ञा त्या जमिनीवर उभी राहू शकते. ती जमीन तयार करू शकत नाही.

आता दुसरी अडचण घेऊ. देवाच्या आज्ञा कोणत्या, हे कोण सांगणार?

विसाव्या शतकात 'हुकूमत फक्त देवाची' हा विचार ज्यांनी सर्वांत ठामपणे मांडला, त्यांचा जन्म याच शहरात झाला. सय्यद अबुल आला मौदूदी २५ सप्टेंबर १९०३ रोजी इथे, तेव्हाच्या निजामी औरंगाबादेत जन्मले. १९४१ साली लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. कायदा करण्याचा मूळ अधिकार अल्लाचा, माणसांच्या कोणत्याही सभेला तो ओलांडता येणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा कणा. त्यांच्या विद्वत्तेबद्दल किंवा चिकाटीबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. १९५३ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. चौकशीला बसलेले न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी मोठमोठ्या उलेमांना बोलावून एक साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणायचे? ज्यांना विचारले त्यांत मौदूदीही होते. १९५४ च्या अहवालात न्यायमूर्तींनी नोंदवले की कोणत्याही दोन विद्वानांची व्याख्या जुळत नव्हती, आणि एकाची व्याख्या धरली तर दुसरे धर्माबाहेर जात होते. ज्या आज्ञेने सगळे स्पष्ट होणार होते, तिच्या उंबरठ्यावर कोण उभे राहू शकते एवढेही ती सांगणाऱ्यांना एकमताने सांगता आले नाही.

हे एकाच धर्माचे दुखणे आहे असे समजून कुणी सुखावू नये. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी लागणारे किमान वय दहावरून बारा वर्षे करणे, एवढीच त्याची झेप. त्याआधी कलकत्त्याची फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. तरीही पुण्यात सभा झाल्या, अग्रलेख लिहिले गेले. पहिल्या ऋतूला गर्भाधान व्हायलाच हवे अशी शास्त्राची आज्ञा आहे, सरकारने तीत हात घालू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या संस्कृतच्या थोर पंडिताला ग्रंथ उलगडून दाखवावे लागले की शास्त्राने अशी सक्ती केलेलीच नाही. मला भांडारकरांबद्दल आदर आहे, पण ती सगळी चर्चा वाचताना एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. समजा भांडारकरांना ते वचन सापडले नसते तर? दहा वर्षांच्या पोरीचा जीव एका श्लोकाच्या अन्वयावर टांगून ठेवायचा? गोपाळ गणेश आगरकरांनी असला अन्वय लावत बसण्याची गरज मानली नाही. पोरीला इजा होते, एवढे कारण त्यांना पुरेसे होते, आणि या वादात खरा धार्मिक प्रश्न कोणाला कळला असेल तर तो त्यांनाच.

आणि मानवत? आपल्याच मराठवाड्यातले, परभणी जिल्ह्यातले. १९७२ ते १९७४ या काळात तिथे एकामागून एक मुलींचे आणि बायकांचे खून झाले. पिंपळाखालचा मुंजा प्रसन्न व्हावा, गुप्तधन हाती लागावे, त्यासाठी रक्त द्यायचे, अशी समजूत त्यामागे असल्याचे खटल्यात पुढे आले. "तो देव नव्हेच," असे तुम्ही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल. पण पुन्हा तेच. तो देव नव्हे हे तुम्ही त्याच्या मागणीवरून ठरवलेत. लहान मुलीचे रक्त मागणारा देव असू शकत नाही, हा माणसाने देवावर दिलेला निकाल आहे. इतका योग्य निकाल देऊ शकणारा माणूस आज्ञेवाचून चांगले-वाईट ओळखू शकत नाही, असे त्याच तोंडाने कसे म्हणता?

आता भीतीकडे येऊ, कारण ते मूळ वाक्य भीतीचेच आहे.

बीड जिल्हा आपला शेजारी. परळीला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईला योगेश्वरी, हद्दीलगतच्या भगवानगडाला लोटणारी गर्दी. गावोगावी हरिनाम सप्ताह, घरोघरी माळकरी. देवाची भीती आणि देवाचे प्रेम दोन्ही भरपूर असलेला मुलूख. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. त्या न जन्मलेल्या मुलींच्या आयाबापांना देव माहीत नव्हता का? सोनोग्राफीच्या खोलीत जाताना 'वर कुणी पाहतो आहे' हे ते विसरले होते का? कित्येकांनी तर मुलगा व्हावा म्हणून त्याच देवाला नवस केला असेल. बीडच्या लोकांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पंढरीची वाट चालणारी ही माणसे इतर कुणाहून वाईट नाहीत. मी इतकेच म्हणतो की भीती हा इलाज असता, तर तो लागू पडायला याहून योग्य जागा नव्हती. गर्भलिंग तपासणीविरुद्ध आवाज उठवला तो कार्यकर्त्यांनी आणि काही डॉक्टरांनी. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, केंद्राने १९९४ साली. मुलीचा जीव हा जीव आहे, एवढ्या एका विचारावर ते उभे राहिले.

आपल्या शहराचेही घ्या. २०२३ च्या मार्चमध्ये किराडपुऱ्यात दगडफेक झाली, पोलिसांची वाहने जळली, ती रात्र रमजानची होती आणि उजाडली की रामनवमी होती. देवाची आठवण दोन्ही बाजूंना याहून जास्त कोणत्या रात्री असते? तरीही दगड उचलणाऱ्या हातांना ती आवरू शकली नाही.

भीतीने माणूस गप्प बसतो हे मी नाकारत नाही. पण गप्प बसलेला माणूस आणि चांगला माणूस एकच नव्हेत. कॅमेरा आहे म्हणून गल्ल्यात हात न घालणारा नोकर आणि गल्ला दुसऱ्याचा आहे म्हणून हात न घालणारा नोकर यांच्यातला फरक प्रत्येक दुकानदाराला कळतो. आकाशातला कॅमेरा तो फरक पुसू शकत नाही. संतांना आणि सूफींना हे आपल्या आधी कळले होते. बसऱ्याच्या राबियाची गोष्ट खुलदाबादच्या दर्ग्यांत माथा टेकणाऱ्यांना माहीत असेल. एका हातात विस्तव, दुसऱ्या हातात पाणी घेऊन ती निघाली. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभाने किंवा धाकाने देवाकडे जाणार नाहीत. आठव्या शतकातल्या त्या भक्तिणीने जो धाक विझवायला पाणी घेतले, तोच धाक आपण शाळकरी मुलांच्या मनात पेटवतो आणि त्याला मूल्यशिक्षण म्हणतो.

त्याच बसऱ्यात आठव्या शतकात मुअतझिला विचारवंत पुढे आले. चांगले आणि वाईट बुद्धीला कळते, एखादी गोष्ट मुळात चांगली असते म्हणून देव ती सांगतो, असे ते मानत. अशअरी पंथाच्या पंडितांनी उलट बाजू घेतली आणि तीच पुढे जास्त रुजली. पण वाद इस्लामच्या आतलाच होता. आपल्याकडे मीमांसकांनी धर्म वेदाच्या विधीवर उभा केला, पण वेदाला कर्ता मानला नाही, आणि कुमारिल भट्टाने तर जग निर्माण करणाऱ्या ईश्वराविरुद्ध युक्तिवाद केला. वैदिक कर्मकांडाच्या सर्वांत कडव्या रखवालदारांना हुकूम सोडणारा देव लागला नाही. जे आज 'आमच्या परंपरेत नीती म्हणजे ईश्वराची आज्ञा' असे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी ती परंपरा उघडून तरी पाहावी.

आणि पुस्तके उघडायची नसतील तर वेरूळला जावे. तिथे चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. बारा आणि पाच मिळून सतरा. म्हणजे त्या डोंगरातली निम्मी लेणी अशा धर्मांची, ज्यांत जगाचा निर्माता आणि आज्ञा देणारा ईश्वर मानलेला नाही. त्यांत मूर्ती आहेत, पूजा आहे, देवदेवताही आहेत. पण हिंसा वाईट का, याचे उत्तर 'त्याने मना केले म्हणून' असे तिथे नाही. प्राण्याला दुःख होते म्हणून, आणि त्या दुःखाने करणाऱ्याचेही मन काळवंडते म्हणून. बौद्ध उपासक पंचशील घेतो तेव्हा समोरून कुणी हुकूम सोडत नाही. तो स्वतःच एक जबाबदारी पत्करतो. जैन श्रावकाची अणुव्रतेही तशीच. निर्मात्याच्या आज्ञेवाचून नीती टिकत नाही म्हणणाऱ्यांनी कैलास पाहून माघारी फिरू नये. थोडे पुढे बत्तिसाव्या लेण्यापर्यंत चालावे, उलट दहाव्या लेण्यातही जावे, आणि मग सांगावे की ही माणसे नीतीवाचून जगली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले. त्याला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव मिळाले, आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खू नागसेनाचे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हाच विषय हातात घेतला. इतर धर्मांत नीती ही जोडलेली गोष्ट असते, धम्मात मात्र देवाच्या जागी नीतीच असते, आणि तिला देवाच्या मंजुरीची गरज नसते, असा त्यांचा निष्कर्ष. माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज, हा तिचा उगम. पण बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत, आणि मला त्यांचे मोठेपण यात दिसते. टोळीचीही नीती असते हे त्यांना ठाऊक होते. चोर चोराशी इमान राखतात, जात जातीशी राखते. ज्या नीतीची हद्द टोळीपाशी संपते, ती टोळीबाहेरच्यांसाठी अनीतीच असते. म्हणून नीती पवित्र हवी आणि सर्वांसाठी एकच हवी, असा त्यांचा आग्रह होता. 'देव नसेल तर नीती ज्याची त्याची आवड होईल' या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. मनमानी रोखते ती सर्वांना सारखेच माणूस धरण्याची अट. आज्ञेवर चालणाऱ्या नीतीने ही अट हजारो वर्षे पाळली नाही. पाणवठ्यावरून हाकलले गेलेल्यांना आज्ञा दाखवूनच हाकलले होते.

राहिला उसन्या शिदोरीचा मुद्दा. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. 'सुधारक' चालवताना त्यांनी शिव्या खाल्ल्या, लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, मोठ्या पगाराचा मोह सोडून ते दम्याने झिजत शिकवत राहिले आणि १८९५ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात व्यसनमुक्तीचे केंद्र उभे केले, 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत काम केले, बुवांच्या तावडीतून माणसे सोडवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. १० मे २०२४ रोजी ज्या दोघांना त्यासाठी जन्मठेप झाली, ते दोघेही आपल्या जिल्ह्यातले. यातले नीतिमान कोण, हे ठरवायला कुणाच्या देवघरात काय आहे ते विचारावे लागते का?

ते उसन्यावर जगले, म्हणता? मग त्या शिदोरीत काय काय होते तेही सगळे सांगा. भुकेल्याला अन्न होते, तसे विधवेचे केशवपनही होते. आलेल्या पाहुण्याला पाणी होते, तसा महाराच्या सावलीचा विटाळही होता. आगरकरांनी आणि त्यांच्यासारख्यांनी त्यातले काही ठेवले, काही फेकले. आज तुम्हीही तेच ठेवता आणि तेच फेकता. ही निवड कशाच्या आधारावर झाली? शिदोरी स्वतःच स्वतःतले नासलेले वेचून काढत नाही. वेचणारा माणूस लागतो, आणि त्याच्याकडे वेचण्याची दृष्टी आधीपासून असावी लागते.

रशिया आणि चीनचे नाव इथे हमखास निघते. देव नाकारणाऱ्या सत्तांनी तिथे लाखो माणसे मारली, हे खरे आहे. पण त्या सत्तांनी काय केले होते? वरून येणारा एकच शब्द अंतिम ठरवला होता, आणि 'हे चूक आहे' असे म्हणणाऱ्याला जागा ठेवली नव्हती. खुर्चीत देव असो की पक्ष, आज्ञा झाली की आपले मन गप्प बसवायचे ही सवय तीच. माझे भांडण या सवयीशी आहे. देवाशी माझे भांडण नाही. ज्याला देवापाशी बळ मिळते, शांती मिळते, त्याने ती घ्यावी.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. हरि विष्णू कामत यांनी सुचवले की तिची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. रोहिणीकुमार चौधरींनी विचारले, देवाचे नाव असेल तर देवीचे का नको? हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. जी गोष्ट ज्याच्या त्याच्या मनाची, ती सर्वांवर लादली जाईल, हा त्यांचा आक्षेप. मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरोधात ६८. त्या सभागृहात बहुसंख्य माणसे आस्तिक होती. त्यांनी देव नाकारला नाही. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची जबाबदारी त्यांनी देवावर ढकलली नाही, एवढेच. ती 'आम्ही, भारताचे लोक' यांच्या खांद्यावर ठेवली.

त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार आणि न्यायाधीश यांच्या शपथा दिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. पुढचे शब्द दोघांना सारखेच, जबाबदारीही सारखीच. न्यायालयातही साक्षीदाराला हीच मुभा आहे, आणि खोटे बोलल्यास शिक्षा दोघांना एकच. नास्तिकाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, भीती नसलेल्याला नीती नसते, असे ज्यांना खरोखर वाटते त्यांनी मांडवात आणि मंचावर ते पुन्हा सांगण्याआधी एक काम करावे. दृढकथन करून खुर्चीवर बसलेल्या एखाद्या न्यायाधीशासमोर स्वतःचा खटला चालायचा असेल, तर उभे राहून त्यांना तोंडावर सांगावे की तुम्ही देवाचे नाव घेतले नाही, म्हणून तुमच्याकडून मला न्याय मिळणार नाही.